तापीत फाटलेली होडी

आमची रबरी होडी तापीत फाटली, त्या दिवसाचं सांगतो. आम्ही चौघं मित्र सुटीला शिरपूरकडे नदीतून फिरतो आणि काठाची वाळू कुठे खचली, कुठे कोणी उपसली, त्याचे फोटो काढतो. त्या दिवशी होडी बुडालेल्या खुंटाला घासून फाटली. कसेबसे काठाला लागलो, तर टरबुजाच्या वाडीतले एक आबा काठी घेऊन उभे.

"रेती चोराले उनात का?"

"नाही आबा, कोणी चोरू नये म्हणून बघायला येतो."

आबांनी काठी ठेवली, टरबूज कापून दिलं आणि होडीसकट आम्हाला बैलगाडीतून डांबरी रस्त्यापर्यंत सोडलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

"फार उपकार झाले, आबा."

आबा म्हणाले, "मांगला साले पूरमा मनी सारी वाडी वाही गई, कोनी इचाराले उनं नही. तुम्ही ते रेतीनी बी चौकशी कराले येतस."