मऊ ब्रश

दातांचा विषय काढलात म्हणून सांगते. चेन्नईला मद्रास म्हणायचे तेव्हाची गोष्ट. आमचे हे तंजावरी मराठी, मी लग्न होऊन साताऱ्याहून तिथे गेलेली. माझ्या रसमला नावं ठेवल्याशिवाय ह्यांचं जेवण संपायचं नाही. राग यायचा, पण उलट बोलायचा माझा स्वभाव नाही. मग मी उठून मोरीत जायचे आणि खसाखसा दात घासत बसायचे. तोंडात फेस असला की उत्तर द्यावं लागत नाही ना!

चार-पाच वर्षांत हिरड्या मागे सरल्या. गार पाणी लागलं की कळ मस्तकात जायची. शेवटी हे मला मैलापूरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तमिळ बोलणार आणि हे मला मराठीत सांगणार, असं ठरलं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "केवढ्या जोरात घासतात या! तापट आहेत का?"

"छे हो, हिला राग येतच नाही," हे परस्पर म्हणाले.

"मग यांना सांगा, मनात येईल ते बोलून टाकत जा. सगळं ब्रशवर काढलं तर दात राहायचे नाहीत."

मी ह्यांना विचारलं, "काय म्हणाले?"

"मऊ ब्रश वापर म्हणाले."

एव्हाना पाण्याच्या रांगेत उभी राहून राहून मला सगळं तमिळ कळत होतं. ह्यांना तेवढं ठाऊक नव्हतं.

येताना मी मऊ ब्रश घेतला, आणि घरात शिरल्या शिरल्या मोरीत गेले.