आपोआप थांबणारा माग

ओमानमधल्या सीबच्या एका गॅरेजात बाळकृष्ण गुरुजी जावयाच्या गाडीची वाट पाहत बसले होते. मान पेपरात होती, पण कान शेजारच्या बाकावर. तिथे एक वडील आणि त्यांची मुलगी बोलत होते.

“बाबा, आजपासून चावी माझ्याकडे.”

“का गं? टोयोटा आहे ती! वाळूत, घाटात कधी अडलीय? आमचा अर्बाब, मालकसुद्धा दुसरी गाडी घेत नाही.”

“गाडीला कोण नावं ठेवतंय?”

“मनाली, ही कंपनी आधी माग बनवायची. आपल्या इचलकरंजीची सोयरीकच म्हण!”

“आपल्यासारखेच माग?”

“छे! धागा तुटला की तो आपोआप थांबायचा.”

“थांबला म्हणजे बिघडलाच की.”

“बिघडला कसा? तोच खरा शहाणा. न थांबणारा माग सगळं कापड नासवतो.”



“बाबा, काल तो रस्ता ओलांडणारा माणूस...”

“दिसला होता मला.”

“कधी दिसला?”

“तू ओरडलीस तेव्हा.”

तेवढ्यात गाडी तयार झाल्याची हाक आली.

“यल्ला, चल, ऊठ. सीट पुढे घे आणि आरसा खाली कर. उंची आईवर गेलीय तुझी.”