उसने अश्रू

[डोळ्यांच्या दवाखान्यातली मार्गिका. बाकावर घड्याळं दुरुस्त करणारे बाबा. समोर त्यांची मुलगी. ती इथल्याच प्रयोगशाळेत काम करते.]

मुलगी : बसा ना बाबा. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाहीये.

बाबा : म्हणजे गेले डोळे. दुकानाची चावी कुणाला द्यायची, तेवढं ठरवतो.

मुलगी : कुठेही गेले नाहीत. तुम्ही घरून पाठवलेल्या कागदी पट्टीवरचं डोळ्यातलं पाणी तपासलं. त्यातली काही प्रथिनं वाढलेली दिसतायत. साखर डोळ्याच्या पडद्याला त्रास द्यायला लागली की पडद्याच्या फोटोत काही उमटायच्या आधीच ही प्रथिनं वाढत असावीत, असा आमचा अंदाज आहे. अजून अभ्यासच चाललाय. म्हणून आज फोटो काढू, रक्त तपासू.

बाबा : पट्टीवर नाव माझंच होतं?

मुलगी : तुमचंच. मीच चिकटवलं होतं.

बाबा : मग ठीक आहे. म्हणजे ठीक नाही. एक बारीकशी अडचण आहे.

मुलगी : घाबरू नका. इतकी वर्षं साखर आहे तुम्हाला, कधी ना कधी...

बाबा : साखर माझी. पाणी माझं नव्हतं.

मुलगी : म्हणजे?

बाबा : तू म्हणालीस, पापणीत पट्टी अडकवून स्वस्थ बसा. बसलो. पट्टी कोरडी ठणठणीत. तुझी आई म्हणाली, कांदा चिरते. मी म्हटलं, मुळीच नाही. रडून काढलेलं पाणी पातळ असतं, चालत नाही, असं बजावलंय पोरीनं. नियम म्हणजे नियम.

मुलगी : मग?

बाबा : मग तिनं स्वतःच्या डोळ्यात लावली. म्हणाली, एका घरात राहतो, एकाच नळाचं पितो, असा कितीसा फरक पडणार? मलाही ते शास्त्रीय वाटलं.

मुलगी : बाबा.

बाबा : कोरडी पट्टी दिली असती तर साहेबांपुढे तुझी काय शोभा राहिली असती?

मुलगी : आईची साखर कधी तपासली होती?

बाबा : कधीच नाही. सुईचं नाव काढलं की तिला बाजारातली कामं आठवतात. खरं सांगू? आत्ता तू प्रथिनं म्हणालीस, तेव्हा क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, माझी नव्हेत. मग लक्षात आलं, कुणाची आहेत.

मुलगी : हल्ली तिला काही त्रास?

बाबा : रात्री सारखी उठते, घटाघटा पाणी पिते. म्हणते, तुमच्या घोरण्यानं. घरात काहीही बिघडलं की ते माझ्या घोरण्यानंच बिघडतं, म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

मुलगी : कुठेय ती?

बाबा : दाराशी. मी फोटोला घाबरून पळू नये म्हणून पहारा देतेय. ही बघ, आलीच.

आई : झालं का सांगून? अहो, असं तोंड पाडून बसू नका. मी आहे ना. पेपर वाचून दाखवत जाईन रोज, अगदी जाहिरातींसकट.

बाबा : पट्टी कुणाच्या डोळ्यातली, ते सांगितलं मी हिला.

आई : चुगलखोर. रागावली का?

बाबा : नाही. पण आत आधी तुला बोलावलंय.

आई : मला? मला कशाला?

मुलगी : आई, चल ना. मी आहे बरोबर.

आई : ...बरं. पर्स धरा ही. आणि फोटो काढताना हनुवटी कुठे टेकवायची असते हो? तुम्हाला ठाऊक असेल.