गडगडाटात गप्प होणारं यंत्र

आदरणीय भन्ते, समारंभाचे अध्यक्ष आणि दोय ख्राम केंद्राचे माजी संचालक आचान नोप्पदोन, विद्यापीठातून घाट चढून आलेले पाहुणे, आणि मागच्या रांगेत बसून जेवणाची झाकणं कधी उघडतात यावर नजर ठेवणाऱ्या माझ्या मित्रांनो, सर्वांना माझा नमस्कार.

शिक्षकाला आपण आचान म्हणतो. पण या डोंगरावर नुसतं ‘आचान’ म्हटलं की डोळ्यांपुढे एकच व्यक्ती येते, आज निवृत्त होणाऱ्या आचान पिकुन. त्यांच्या संशोधनावर विद्वान मंडळी बोललीच आहेत. मी वितून, केंद्राच्या तारा नि बॅटऱ्या सांभाळणारा. मी काय बोलणार? एक प्रसंग तेवढा सांगतो.

आपलं यंत्र आकाशातून येणारे कण मोजतं. दर मिनिटाला एक आकडा. एका पावसाळ्यात त्या आकड्यांत भोकं पडू लागली. ढग गडगडले की यंत्र गप्प, ढग सरले की पुन्हा सुरू. तपासणी समितीने लिहून टाकलं, ‘वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष. सुधारणा न झाल्यास केंद्र बंद.’ आता वीजपुरवठा म्हणजे कोण? अस्मादिक! बातमी माझ्याआधी घरी पोचली. माझ्या सासूबाईंचं बाजारात सॉसेजचं दुकान. “जावयाला चार तारा सांभाळता येत नाहीत,” हे त्यांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला सॉसेजबरोबर फुकट दिलं.

आचाननी मला एकदाच विचारलं, “वितून, बॅटऱ्या धड आहेत?”

“धड आहेत, आचान.”

“मग दुसरीकडे शोधू.”

बस्स. पुन्हा तो विषय नाही. यंत्राच्या पेटीत पालींचं बिऱ्हाड होतं, ते हलवलं. भोकं तशीच. मग संशय गेला विहाराच्या ध्वनिवर्धकावर. भन्ते इथे आहेतच. आचान त्यांच्याकडे गेल्या, “एक दिवस कर्णा बंद ठेवाल?” भन्ते म्हणाले, “ठेवतो. पण तुमचे कण प्रवचन ऐकून थांबत असतील, तर गावकऱ्यांपेक्षा बरे म्हणायचे!” कर्णा बंद राहिला. दुपारी ढग गडगडले, आणि भोकं पुन्हा हजर.

समितीतल्या एका गृहस्थांनी उपाय सुचवला, “भोकाची दोन्ही टोकं सरळ रेघेने जोडून टाका. कुणाला कळतंय?”

आचान म्हणाल्या, “सरळ रेघ ओढायला मी कशाला? पट्टी पुरते की!”

एक दिवस त्यांनी मला जुन्या रेडिओचा स्पीकर आणायला लावला आणि संगणकाला वगळून थेट यंत्राला जोडायला सांगितला. एक कण आला की एक ‘टक्’. आभाळ भरून आलं. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघं कान टवकारून बसलो. ढग गडगडले, संगणकाचा पडदा कोरा झाला. आणि स्पीकर? कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडायला लागला! आचाननी माझं मनगट घट्ट धरलं.

“अरे, हे गप्प कुठंय? हे ओरडतंय! कुणीतरी याच्या तोंडावर हात ठेवलाय!”

गडगडणाऱ्या ढगांतली वीज कणांना जोर देते, म्हणून आकडा एकदम चढत होता. आणि संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ होती, आकडा फार मोठा आला तर खोटा समजून फेकून द्या. ती ओळ कुणी लिहिली होती? अध्यक्षमहाराज हसताहेत, म्हणजे सांगायला हरकत नाही.

त्या दिवशी आचान नोप्पदोन म्हणाले, “पिकुन, एवढा आकडा शक्यच नाही असं मला तेव्हा वाटलं.”

“सर, आपल्याला वाटलं म्हणून आकडे थांबतात होय?”

दुसरा कुणी असता तर विषय दाबला असता. सरांनी स्वतः समितीपुढे उभं राहून सांगितलं, “चूक माझी. वीजवाल्याची नाही.” केंद्र वाचलं. सरांसाठी टाळ्या होऊन जाऊ द्या!

फेकलेले आकडे मात्र गेले ते गेलेच. समिती म्हणाली, आता कारण कळलंय, अंदाजाने भरून टाका. आचाननी ठाम नकार दिला. “जे ऐकलं नाही ते ऐकलं असं कसं लिहू?” त्या जागा आजही कोऱ्या आहेत.

आणि मग आचान बाजारात गेल्या. थेट सासूबाईंच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या आणि चार दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “मावशी, तुमच्या जावयाची एकही तार सुटलेली नव्हती. केंद्र याच्या तारांवर उभं आहे!”

सासूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “मग इतके दिवस तोंडात काय धरलं होतंस रे?” असं म्हणून त्यांनी आचानच्या पिशवीत मावतील तेवढे सॉसेज कोंबले. त्या दिवसापासून त्या मला गावभर ‘आमचे इंजिनिअर’ म्हणतात. मी इंजिनिअर नाही. आचान तेव्हा तिथेच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. जन्मात एक चुकीचा आकडा खपवून न घेणाऱ्या आचान, पण एवढी एक चूक त्यांनी अजून दुरुस्त केलेली नाही.

आचान, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मला बोलायला उभं केलंत, आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात मानपान चुकला असेल, थट्टा जरा लांबली असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. आणि जेवायला माझ्या सासूबाई येणार आहेत, तेव्हा मी इंजिनिअर नाही हे जे बोललो ते कृपा करून त्यांच्या कानावर घालू नका.