कोरीटवालीचं नाव

शहाद्याच्या स्टँडवर लोटनभाऊ आणि त्यांची धाकटी बहीण मंगलाबाई नंदुरबारच्या गाडीसाठी बसली होती. बाकावर शेजारी बसलेल्या नवनीतने पेपर तोंडासमोर धरला, कान मात्र त्यांच्याकडे लावले.

"कॉलेजनी बाई बेचाळीसनी चळवळनं इचारी, तिले काय सांगशी भाऊ?"

"बाबा चोरून पत्रकं वाटे, हाईच."

"आनि ती लपाडे कोण? माय. मिरचीनी पथारीखाले."

"मायनं कोण लिखस?"

"हाई बाई बायासनंच लिखी ऱ्हायनी. फौजदार उना तवय बाबा कोठे व्हता?"

"शेतमा."

"कणगीमा. मावशी सांगे. मायनी मिरची अशी उलटी, का फौजदारना घोडाबी शिंकना."

"बाबाले ताम्रपट भेटेल शे, मंगला. आते त्याले कणगीमा बसाडू का?"

"नको बसाडू. मायनं नाव तेवढं सांग."

"तुले माहीत शे का?"

"मी रांगती व्हतू तवय ती गई. मावशी तिले आक्का म्हने, गाव म्हने कोरीटवाली, माहेरना गाववरथीन."

लोटनभाऊंनी टोपी काढून हातात घेतली.

"सुंदर."

"काय?"

"मायनं नाव. कणगीमातून बाबानी हळूच हाक मारी, 'सुंदर, गया का तो?'"

"तुले कसं माहीत?"

"मी त्याना मांडीवर व्हतू."