पुसलेला बाण

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले संचालक रायमो लेहतोवारा, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देत आहोत त्या आउलिक्की प्योयहोनेन, आणि कॉफी थंड होऊ देऊन बसलेल्या ओउलू कार्यालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षांनी नुकताच आउलिक्कींचा गौरव केला. त्यात ‘कष्टाळू’ हा शब्द वारंवार आला. त्यांनी केले काय, हे मात्र एकदाही आले नाही. त्यांच्या भाषेचे वर्ग मी घेतो, तेव्हा ते सांगणे माझ्याकडेच येते.

मोबाइल फोन आणि त्याला जोडणारा मनोरा यांच्यातले बोलणे नियमांनी बांधलेले असते. ते नियम चित्रात मांडता यावेत, म्हणून आउलिक्कींनी केवळ याच कामासाठी एक भाषा घडवली. चौकट म्हणजे फोनची अवस्था. बाण म्हणजे संदेश आल्यावरची वाट. चित्र पुरे झाले की कोड यंत्र लिहिते. कल्पना देखणी आहे ना? तिची अट त्याहून देखणी: येऊ शकणाऱ्या एका जरी संदेशाला बाण नसेल, तर यंत्र कोड देतच नाही.

ही अट अध्यक्षांना जाचू लागली. ग्राहकासमोरच्या प्रात्यक्षिकाआधी दोघांचे बोलणे माझ्यादेखत झाले.

“अगं, पलीकडच्याने उचलायच्या आत मनोराच कॉल तोडतो, असं कितीदा होतं? त्या एका वाटेच्या चाचणीत आठवडा जाईल. पुसून टाक तो बाण.”

“पुसला तर कोड मिळायचा नाही, रायमो.”

“मग तयार कोडमधूनच त्या ओळी खोडू. चित्र मागाहून जुळवता येईल.”

“म्हणजे घर बांधून झाल्यावर नकाशा?”

“तू चित्रं काढ गं. इंजिनिअरिंग आमच्यावर सोड.”

इंजिनिअरिंग झाले. यंत्राने लिहिलेल्या ओळी हाताने खोडल्या गेल्या. प्रात्यक्षिकात मनोऱ्याने नेमका तोच संदेश पाठवला, आणि आपला फोन, एखाद्या संचालकासारखा, ऐकूच न आल्याप्रमाणे बसून राहिला.

पुढे काय? आउलिक्कींचा विभाग बंद, आणि अहवालाचा निष्कर्ष: ‘सदोष भाषा’. हा शिक्का घेऊन आउलिक्कींनी नवी नोकरी शोधायची. खोटे रचायलाही थोडी कल्पकता लागते. इथे तेवढीही खर्च झालेली नाही.

अहवालावर प्रशिक्षक म्हणून माझी सही हवी आहे. “निरोपाच्या दिवशी कटुता नको, करून टाक,” असे अध्यक्ष आज सकाळी म्हणाले. मी प्रयोगशाळेत गेलो. आउलिक्कींच्या मूळ चित्रावरून कोड करून घेतला, त्याला बोटही लावले नाही, आणि तोच संदेश पाठवला. फोनने कॉल सोडला आणि पुढच्या कॉलसाठी मोकळा झाला.

तेव्हा सही होणार नाही. ओळी कोणी खोडायला लावल्या, हे अहवालात लिहा; मग इथेच, सर्वांसमक्ष करतो.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल ऋणी आहे. समजावण्यात काही उणे राहिले असेल तर उदार मनाने क्षमा करावी. अध्यक्षांसाठी मी सारे पुन्हा सांगायला तयार आहे, अगदी सावकाश.