चिमाईचा दगड

मंडळी, ऐका! एकच प्रश्न विचारतो — दगड कशाने हलतो?

कोण म्हणालं ते? जेसीबीने! शाबास! आणि जेसीबी नव्हता तेव्हा? पहारीने? दोराने? बरं, बरं. उत्तर मनात ठेवा, शेवटी मी मागणार आहे.

समुद्रात लांब, किनाऱ्यावरून दिसणारही नाही इतकं लांब, एक बेट आहे. नकाशात शोधत बसू नका, ते माझ्या आख्यानातलं आहे! त्या बेटावर दगड उभे आहेत. दोन-दोन पुरुष उंच! प्रत्येकाला नाक, डोळे, ओठ. माणूस मात्र एकही नाही. मोठेमोठे विद्वान येतात, फिती लावून मोजतात आणि डोकं खाजवतात — इतक्याशा बेटावर अशी किती माणसं असणार? त्यांनी हे धूड हलवलं कसं? कुणी म्हणतो, राक्षसांनी हलवलं. अरे, राक्षस कशाला? वाळकूने हलवलं!

हा वाळकू त्या बेटावरचा पाथरवट. हात सोन्याचा, तोंड मात्र कायम फुगलेलं. त्याची बायको चिमाई. ती हसरी, बोलकी, साऱ्या गावाची लाडकी. आदल्या वर्षी ती गेली. बेटाची रीतच होती — माणूस गेलं की त्याचा दगड घडवायचा आणि घरांकडे तोंड करून उभा करायचा. का? तर गेलेल्यांचं मागे राहिलेल्यांवर लक्ष असावं म्हणून! किती गोड रीत, नाही का?

वाळकूने वर्षभर खपून चिमाई घडवली. गालावरची खळीसुद्धा सोडली नाही. आणि नेमकं त्याच वर्षी बेटावरचं सगळं गोडं पाणी खारट झालं. झरा खारट, विहीर खारट! राहणार कसं? होड्या भरल्या. वारा अनुकूल होता, पण तो संध्याकाळपर्यंतच टिकणार होता.

वाळकू खाणीत दगडाशेजारी मांडी घालून बसला. “तुम्ही जा. हिला आडवी टाकून मी येत नाही.”

सगळ्यांत वडीलधारी म्हातारी येसाय. ती म्हणाली, “एकाला मागे ठेवून होड्या सुटत नाहीत, वाळकू. ऊठ. उभी करू तुझ्या चिमाईला.”

साठ माणसं दोरापाशी जमली. पण मंडळी, तिथे आणखी एक रीत होती. दोराला हात लावण्याआधी येसायने विचारायचं — “कुणाच्या मनात काही?” आणि ज्याच्या मनात असेल त्याने सगळ्यांसमोर बोलून टाकायचं! झालं! एक म्हणाली, “हिने माझी कोंबडी कापून खाल्ली.” दुसरी म्हणाली, “खाल्ली. चिवट होती!” हसले, मिटलं. असं करता करता सूर्य डोक्यावर आला.

येसाय वाळकूपाशी आली. “तुझ्या मनात?”

“काही नाही.”

खोटं! दोराच्या पुढच्या टोकाला कोण उभा होता? गोमाजी! बेटाचा दोर वळणारा, वाळकूचा सख्खा शेजारी. बारा वर्षं दोघांचा अबोला! कशावरून? गोमाजीच्या आईचा दगड वाळकूने घडवला, तेव्हा गोमाजी म्हणाला, “माझ्या आईचं नाक असं नव्हतं.” बास! इतक्यावरून! हसताय काय? तुमचे अबोले काय याहून मोठ्या कारणाने झालेत?

दोर ताणला. दगडापाशी उभं राहून वाळकूने हाळी दिली, “हो-ओ!” पुढून गोमाजीने ‘हय्या’ म्हणायचं आणि साठांनी एकदम ओढायचं. पण बारा वर्षं ज्याला उत्तर दिलं नाही त्याला हाळी कशी देणार? गोमाजी गप्प! निम्म्यांनी आधी ओढलं, निम्म्यांनी नंतर. दगड तसूभर हलला नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच. सूर्य कलला.

वाळकूने चिमाईच्या गालावर हात ठेवला. लागला रडायला! आणि रडता रडता ओरडला, “गोमाजी! छिन्नी घसरली होती माझी! नाक बिघडलं ते मला त्याच दिवशी कळलं होतं!”

गोमाजीने दोर खाली ठेवला. चालत आला. “मग माझंही ऐक. तुझी चिमाई जाईपर्यंत दर पावसाळ्यात कुंपणावरून मला शेवळाची रानभाजी देत होती. तुला न सांगता.”

वाळकू डोळे पुसत म्हणाला, “तरीच! तरीच माझ्या ताटात कमी पडायची!”

अहो, साठ माणसं हसली! मग ‘हो-ओ’ला ‘हय्या’ आलं आणि दगड निघाला, खाणीतून टेकडीवर, टेकडीवरून खड्ड्यात. चिमाई उभी राहिली!

गोमाजी मात्र तिच्याकडे बघत राहिला. “वाळकू, चुकलं रे आपलं. तोंड घरांकडे केलं आपण. घरात आता कोण आहे? ती बघणार कुणाकडे?”

वारा पडायला आला होता. तरी एकही माणूस कुरकुरला नाही. पुन्हा दोर, पुन्हा हाळी, आणि चिमाईला समुद्राकडे फिरवलं. मगच होड्या सुटल्या. वाळकू आणि गोमाजी एकाच होडीत, मागे तोंड करून बसले होते. दिसेनाशी होईपर्यंत दोघे तिला हात करत होते.

ते कुठे गेले, कुणाला ठाऊक नाही. बेटावरचे सगळे दगड घरांकडे बघतात. एकटी चिमाई समुद्राकडे बघते, आपली माणसं नीट पोचली का ते.

आता माझ्या प्रश्नाकडे या — दगड कशाने हलतो? तीन दिवस मी तुमच्या गावात जेवतोय. वरच्या वाडीत एक वेळ, खालच्या वाडीत एक वेळ. दोन्हीकडे प्रेमाने वाढता हो! पण या मांडवात वरची वाडी डावीकडे बसते, खालची उजवीकडे, आणि मध्ये बैलगाडी जाईल एवढी जागा! देवळामागे दीपमाळेचा नवा दगड तीन वर्षं आडवा पडलाय. त्यावर कोंबड्या बसतात! का? तर आधी हात कुणी लावायचा!

तबलजी, तुम्ही जरा थांबा. हा बघा, दोर मी आणलाय. ओढायला मीही येतो. पण हे टोक कुणाच्या हातात देण्याआधी, येसायच्या वतीने विचारतो —

कुणाच्या मनात काही?